किती घुमवायचं?

श्रावण सरता सरता देडतलाईहून भाच्याचा फोन आला. "मामा, बाबांना तुम्ही एकदा सांगून बघा ना. मला रिव्हर्ब घ्यायचाय." रिव्हर्ब म्हणजे नव्यानं आलेली एखादी मोटारसायकल असावी, असं समजून मी विचारलं, "आधी लायसन काढलंस का?" पलीकडे शांतता. मग खुलासा झाला. रिव्हर्ब पेडल म्हणजे पायानं दाबायची, तळहातावर मावेल एवढी धातूची डबी. ती इलेक्ट्रिक गिटार आणि तिचा अँप यांच्या मध्ये जोडायची. मग खोलीत वाजवलं तरी मोठ्या सभागृहात वाजवल्यासारखं ऐकू येतं. चांगल्या कंपनीची घेतली तर बारा-पंधरा हजारांच्या घरात जाते.

"आणि बाबा काय म्हणतात?"

"ते म्हणतात, आपल्या हॉलमध्ये आवाज फुकटच घुमतो. त्याला डबी कशाला?"

दाजी हे रागानं बोलले होते. पण त्या रागात किती शास्त्र होतं, ते मला दिवाळीच्या सुट्टीत कळलं. आजचा लेख त्याचाच.

आधी घरची ओळख करून देतो. आमचं घर तुमच्यापैकी अनेकांच्या घरांसारखंच. वडील मराठी, आई कानडी. घरात रागावणं मराठीत, लाड कानडीत. थोरली बहीण, आमची अक्का, लग्न होऊन पार मध्य प्रदेशात, बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या देडतलाईला गेली. सातपुड्याच्या कुशीतलं हे गाव. तिथून पुढे महाराष्ट्राची हद्द आणि धारणीकडचं मेळघाट. म्हणजे सीमाभागच, फक्त वेगळ्या सीमेचा. बाजारात हिंदी, निमाडी, मराठी आणि कोरकू, चारही कानावर पडतात. कानडी मात्र नाही. दाजींचं तिथं बी-बियाणांचं दुकान आहे. वडील गेल्यावर आमची अव्वा अक्काकडे राहायला गेली. इकडे मी आणि बायको दोघंही नोकरीवर. दिवसभर तिनं बंद दाराआड काय करायचं? असं मी सगळ्यांना सांगतो. स्वतःला सांगताना ते तितकंसं पटत नाही, हा भाग वेगळा.

अव्वा आता ऐंशीच्या पुढे आहे. दोन्ही कानांना यंत्र आहे. अक्का सोडली तर तिच्या कानडीला कानडीत उत्तर देणारं त्या गावात कुणी नाही. नातवाला कानडी चार-दोन शब्दांपलीकडे येत नाही. पण पोरगा कानाचा पक्का. अज्जी गुणगुणते ती दासरपदं त्यानं ऐकून ऐकून गिटारवर बसवली. संध्याकाळी दिवा लागला की अज्जी गाते आणि हा मागून वाजवतो. दोघांची मिळून ती एक भाषा झाली आहे.

तर रिव्हर्ब. मी पडलो मराठीचा मास्तर. स्टाफरूममध्ये भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांना गाठलं. ते म्हणाले, "सर, तुम्ही गोलघुमटात गेलाय ना? मग अर्धं तुम्हाला माहीतच आहे."

गोलघुमट आपल्यापैकी कुणी पाहिला नाही? १६५६ साली पुरी झालेली ती मुहम्मद आदिलशहाची कबर. मराठीत आपण घुमट म्हणतो, कानडीत गुम्मट. वरच्या सज्जात एका बाजूला भिंतीशी कुजबुजलं की समोरच्या बाजूला ऐकू येतं, आणि एक टाळी वाजवली की ती पुन्हा पुन्हा परत येते. त्या घुमटाचा आतला व्यास जवळजवळ ३८ मीटर. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. म्हणजे समोर जाऊन परत यायला त्याला सेकंदाच्या पाचव्या भागाहून थोडा जास्तच वेळ लागतो. मूळ आवाज आणि परतलेला आवाज यांत सेकंदाच्या दहाव्या भागाएवढं अंतर पडलं की कान दोघांना वेगळं मोजतो. हा झाला प्रतिध्वनी. त्यासाठी भिंत निदान सतरा मीटर लांब हवी. भिंती जवळ असल्या की परतलेले आवाज इतक्या लवकर आणि इतक्या संख्येनं येतात, की ते वेगळे मोजता येत नाहीत. मूळ आवाजाला नुसती शेपूट फुटते. हे अनुरणन, म्हणजेच रिव्हर्ब. गंमत अशी की प्रतिध्वनी आणि अनुरणन हे दोन्ही शब्द आपल्या दोन्ही भाषांत चालतात. त्यामुळे घरात समजावून सांगताना अडचण नाही.

हा फरक दुकानातही कामाला येतो. टाळीसारखा आवाज पुन्हा पुन्हा मोजता येईल असा हवा असेल, तर त्याचं पेडल वेगळं. त्याला डिले म्हणतात. नुसती शेपूट हवी असेल तर रिव्हर्ब. कित्येक पोरं एक मागायला जातात आणि दुसरं घेऊन येतात.

सहकाऱ्यांनी मग मला या डबीचा इतिहासही ऐकवला. पूर्वी ध्वनिमुद्रणात अशी शेपूट हवी असेल तर खरीखुरी खोलीच लागायची. १९४७ साली शिकागोच्या बिल पुटनम नावाच्या ध्वनिमुद्रकानं त्यासाठी चक्क बाथरूम वापरलं. बाथरूममध्ये आपण सगळेच गवई का होतो, याचं उत्तर त्यात आलं. आपल्याकडे १९४९ च्या 'महल' चित्रपटातलं लताबाईंचं ते गाजलेलं गाणं आठवा. आवाज लांबून जवळ आल्यासारखा वाटावा म्हणून त्या खोलीच्या कोपऱ्यापासून गात गात मधल्या मायक्रोफोनकडे चालत आल्या होत्या. यंत्र नव्हतं, तेव्हा पाय होते.

१९५७ साली ईएमटी या जर्मन कंपनीनं पोलादाचा भलामोठा पत्रा चौकटीत टांगून त्याच्या कंपनातून ही शेपूट काढली. ते धूड अडीचशे किलोंच्या पुढचं. त्याआधी हॅमंड ऑर्गनवाल्यांनी तेच काम स्प्रिंगांकडून करून घेतलं होतं. फेंडर कंपनीनं १९६१ मध्ये गिटारसाठी स्प्रिंगांची वेगळी पेटी काढली आणि १९६३ मध्ये ती अँपच्या पोटातच बसवली. १९७६ मध्ये ईएमटीचंच डिजिटल यंत्र आलं. आज तळहाताएवढ्या डबीवर 'रूम', 'हॉल', 'प्लेट', 'स्प्रिंग' असे शब्द दिसतात, ते या सगळ्याचे वारस. रूम म्हणजे खोली, हॉल म्हणजे सभागृह, प्लेट म्हणजे तो पोलादी पत्रा आणि स्प्रिंग म्हणजे स्प्रिंग. थोडक्यात, पेडल घेणं म्हणजे जागा विकत घेणं. कुठल्या जागेत वाजवल्यासारखं ऐकू यावं, एवढंच ठरवायचं.

एवढं ज्ञान गाठीशी बांधून मी दिवाळीला निघालो. रेल्वेनं बुऱ्हाणपूर, पुढे एसटीच्या चुलतभावासारख्या दिसणाऱ्या एका खासगी बसनं सागाच्या जंगलातून देडतलाई. भाचा स्टँडवरच उभा होता. बुऱ्हाणपूरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे, आणि लग्नसराईत एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. तिथल्याच एका मित्राचं रिव्हर्ब पेडल त्यानं चार दिवसांसाठी मागून आणलं होतं. वाटेत म्हणाला, "मामा, मला कुंडी भंडाऱ्यासारखा आवाज पाहिजे."

बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा म्हणजे १६१५ च्या सुमाराची, अब्दुल रहीम खानखानांच्या काळातली भूमिगत पाणीयोजना. डोंगरातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यानं शहराकडे आणलेलं, आणि वर ठिकठिकाणी विहिरींसारख्या कुंड्या. कुंडीच्या तोंडाशी वाकून हाक मारली की खालून आपलाच आवाज भारदस्त होऊन येतो. पोराला तो आवाज लहानपणापासून आवडतो. मागणी वाईट नव्हती.

संध्याकाळी बैठक बसली. दाजींचा हॉल म्हणजे वर पत्रे, खाली गुळगुळीत फरशी, भिंतींना ऑइलपेंट. सामान म्हणाल तर चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक दिवाण. अव्वा दिवाणावर. भाच्यानं पेडल 'हॉल'वर ठेवलं, टाइमचं बटण उजवीकडे पार टोकाला नेलं, आणि एक तार छेडली. खरं सांगतो, अंगावर काटा आला. एका तारेतून अख्खं देऊळ उभं राहिलं. दाजीसुद्धा हिशेबाची वही खाली ठेवून ऐकू लागले.

मग अव्वानं पद सुरू केलं. पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीला ती अडखळली, सूर शोधल्यासारखा हात हवेत हलवला, पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा थांबली. मला वाटलं, शब्द विसरली. वय झालं, म्हटलं. अक्काच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. घरातली शेवटची कानडी पदं त्या डोक्यात आहेत, आणि ती कुणी लिहून घेतलेली नाहीत. पोरगा मात्र हट्टानं वाजवत राहिला. शेवटी अव्वानं कानातलं यंत्र काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "साकु." पुरे. उठून आत निघून गेली.

रात्री कुणी फारसं बोललं नाही. पोरगा अंगणात बसला होता. म्हणाला, "मामा, अज्जीला आवडलं नाही." मी मास्तरी थाटात काहीतरी समजूत घातली. ती मलाच पटली नाही. मग न राहवून सहकाऱ्यांना फोन लावला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "विसरल्या नाहीत हो त्या. त्यांना ऐकूच आलं नसणार." त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. बोलण्या-गाण्यात स्वर जोरकस असतात आणि व्यंजनं नाजूक. अनुरणन लांबलं की आधीच्या स्वराची शेपूट पुढच्या व्यंजनावर पसरते आणि ते व्यंजन झाकलं जातं. धडधाकट कान त्यातूनही शब्द निवडून काढतो. थकलेल्या कानाला ते जमत नाही. आणि यंत्र तर मूळ आवाज आणि शेपूट दोन्ही मोठं करतं. त्यात पत्र्याच्या हॉलची शेपूट आधीचीच. अव्वाला गिटारचा सूरही धड कळत नव्हता आणि स्वतःचा शब्दही.

मग त्यांनी वॉलेस सबाइन या अमेरिकन प्राध्यापकाची गोष्ट सांगितली. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहात प्राध्यापकांचं बोलणंच कुणाला कळेना. एक शब्द उच्चारला की साडेपाच सेकंद घुमत राहायचा. तेवढ्या वेळात पुढचे दहा-पंधरा शब्द त्यावर येऊन पडायचे. तरुण सबाइननं काय करावं? शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, त्या इथं पसरायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवायची आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचं. सकाळच्या आत गाद्या परत. त्यातून त्यानं जे सूत्र काढलं ते आजही शिकवतात. खोली जेवढी मोठी तेवढी शेपूट लांब, आणि खोलीत आवाज शोषणाऱ्या वस्तू जेवढ्या जास्त तेवढी ती आखूड.

दुसऱ्या दिवशी मी आणि भाच्यानं दोरीनं हॉल मोजला. पाच मीटर लांब, चार रुंद, तीन उंच. सहकाऱ्यांनी फोनवर हिशेब केला. उघड्या भिंती, फरशी आणि पत्रे असतील तर आवाज विरायला अंदाजे दोन सेकंद. दहा-बारा चौरस मीटरवर जाड गोधड्या पसरल्या-टांगल्या तर तोच एका सेकंदाच्या आसपास येईल. म्हणजे दाजी खरंच बरोबर होते. त्यांच्या हॉलमध्ये दोन सेकंदांचा रिव्हर्ब फुकट मिळत होता, आणि पोरानं त्यावर अख्ख्या सभागृहाचा आणखी चढवला होता. "मी काय म्हणत होतो?" असं दाजी म्हणाले, आणि स्वतःच माळ्यावरून गोधड्या काढायला चढले.

अक्कानं भिंतीवर दोन गोधड्या लावल्या, खाली सतरंजी घातली. भाच्यानं पेडल 'स्प्रिंग'वर घेतलं, टाइम जवळजवळ तळाला आणला, आणि लेव्हल इतकी कमी केली की पेडल बंद केल्यावरच ते चालू होतं हे कळावं. अव्वाला हात धरून आणलं. तिनं ऐकलं, बोटानं खूण केली, "स्वल्प कडिमि माडप्पा." अजून थोडं कमी कर बाबा. त्यानं केलं. मग तिनं पद म्हटलं. अख्खं. एकही शब्द न गाळता. शेवटी म्हणाली, "भाळ छलो."

त्या चार दिवसांत मामा-भाच्यांनी जे शिकलं, ते तुमच्याही घरात गिटारवाला पोरगा किंवा पोरगी असेल तर उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

पहिलं, आपल्या अँपमध्ये रिव्हर्ब आहे का ते बघा. अनेक अँपवर त्या नावाचं बटण असतं आणि कुणी ते फिरवून पाहिलेलं नसतं. दुसरं, पेडल दुकानात हेडफोन लावून पसंत करू नका. हेडफोनमध्ये खोली नसते, म्हणून तिथं सगळंच छान वाटतं. जिथं वाजवणार तिथं, आपल्याच अँपवर, मित्राचं मागून आणून चार दिवस वाजवून बघा. तिसरं, नावांच्या आणि प्रकारांच्या संख्येला भुलू नका. बॉस कंपनीच्या आरव्ही-६ मध्ये आठ प्रकार आहेत. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या होली ग्रेलवर प्रकार निवडायची एक कळ आणि फिरवायचं एकच बटण. दोन्ही वापरणारे नामांकित वादक आहेत. पण टाइम आणि लेव्हल ही दोन बटणं वेगवेगळी असली तर घरच्या खोलीत जास्त कामाला येतात. एकानं शेपटीची लांबी ठरते, दुसऱ्यानं तिची जाडी. सोबत टोनचं बटण असेल तर तेही बघा. शेपटीतला किणकिणाट त्यानं कमी करता येतो.

चौथं, जोडणीचा क्रम. आवाज फाडणारं डिस्टॉर्शन आधी आणि रिव्हर्ब सगळ्यात शेवटी. उलटं केलं तर शेपूटच फाटते आणि नुसता कल्लोळ होतो. डिस्टॉर्शन अँपमधलंच वापरत असाल, तर अँपच्या मागे सेंड-रिटर्न नावाच्या जागा आहेत का बघा. रिव्हर्ब तिथं जोडायचा. पाचवं, वीज. ही डिजिटल पेडलं नऊ व्होल्टवर चालतात, पण साधारण शंभर मिलीअँपिअर खातात, त्यामुळे नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी काही तासांतच मान टाकते. अडॅप्टर घ्यावा लागतोच. मात्र बहुतेक पेडलांच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो, तर बाजारातल्या कित्येक अडॅप्टरांचा धन. डबीवरचं आणि अडॅप्टरवरचं छोटं चित्र जुळवून मगच लावा, नाहीतर बारा हजारांची डबी एका क्षणात मुकी होईल.

सहावं सगळ्यात महत्त्वाचं. समोर कोण ऐकणार आहे ते आधी ठरवा. लग्नाच्या मंडपात, उघड्या मैदानावर आवाज परतायला भिंतच नसते, तिथं लांब शेपूट शोभते. पत्र्याच्या हॉलमध्ये, सिमेंटच्या समाजमंदिरात, घरच्या बैठकीत ती आखडायची. आणि ऐकणाऱ्यांत कानाला यंत्र लावलेलं कुणी असेल, तर बटण त्यांच्या हातात द्यायचं.

अर्धे पैसे भाच्यानं ऑर्केस्ट्राच्या कमाईतून घातले, अर्धे दाजींनी. फार प्रकार नसलेलं, पण टाइम आणि लेव्हल वेगळं असलेलं पेडल आलं. मैदानात तो त्यावर कुंडी भंडारा वाजवतो. मी इकडे आल्यावर एक वही विकत घेतली आणि पोस्टानं पाठवली. अव्वा गाते, अक्का त्यात कानडी पदं लिहून घेते, आणि पोरगा खाली गिटारचे सूर लिहितो. हे काम खरं तर मी दहा वर्षांपूर्वी करायला हवं होतं. अव्वा तेव्हा माझ्याच घरी होती, आणि मराठीचा मास्तर म्हणून वह्यांची मला कधीच टंचाई नव्हती.

परवा अक्कानं फोन हॉलमध्ये धरून मला एक पद ऐकवलं. शब्द न् शब्द कळला. मी विचारलं, पोरगा बटण विसरून पुढे नेत नाही ना? अक्का हसली. म्हणाली, टाइमच्या बटणाशेजारी तिनं नेलपॉलिशचा तांबडा ठिपका देऊन ठेवलाय. अज्जी दिवाणावर बसलेली असेल, तर ठिपक्याच्या पुढे जायचं नाही.